आठ नंबरची चादर

"मॅडम, तुमच्या पुण्यात झाडाची पानं लाल असतात का?"

गुंडेटी मालकांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं. त्यांनी हातातली चादर माझ्यासमोर, की-बोर्डवरच पसरली. मागावरून नुकतीच उतरवली होती. पांढऱ्या जमिनीवर वेल होता आणि वेलाची वळणं फार सुरेख होती. फक्त पानं लालभडक होती आणि फुलं हिरवीगार.

"नाही," मी म्हणाले.

"मग हे काय हाय?"

मी चादरीकडे बघत राहिले. माझ्यामागे डिझाइन मास्टर राजेशम येमूल उभे होते. तेही चादरीकडे बघत होते.

ही गोष्ट १९९९ सालची, सोलापूरची. मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या पाच माणसांच्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरी करत होते. सहावा महिना चालू होता. आमची कंपनी 'वीण' नावाचं एक सॉफ्टवेअर विकायची. चादरीवरची नक्षी संगणकावर चौकोनाचौकोनांत काढायची, मग संगणक एका यंत्राला हुकूम सोडतो, ते यंत्र पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतं, आणि त्या भोकांप्रमाणे मागावर धागे वर-खाली होऊन नक्षी उतरते. गुंडेटींच्या कारखान्यात 'वीण २.३' सात वर्षं चालू होतं. मी '४.०' बसवायला आले होते. मधली तीन नंबरची आवृत्ती आमच्याच ऑफिसात वारली, तिचं दुःख कुणाला नव्हतं.

२.३ म्हणजे काळा पडदा आणि नुसता की-बोर्ड. ४.० मध्ये माउस होता, खिडक्या होत्या, दोनशे छप्पन्न रंग होते. पडद्याची मांडणी माझी होती. रंगांची पट्टी वरच्या बाजूला असावी, आणि शेवटचा वापरलेला रंग आपोआप पट्टीत सगळ्यांत पुढे यावा, म्हणजे माणसाला शोधत बसायला नको, ही कल्पनाही माझीच. ऑफिसात तिचं कौतुक झालं होतं.

अडचण निघाली ती यंत्राची. जुन्या संगणकाच्या पोटात वीतभर लांबीचं एक कार्ड होतं, पत्ते पाडणारं यंत्र त्याला जोडलेलं. नव्या संगणकात ते कार्ड बसायला खाचच नव्हती. जुना संगणक मालकांनी नव्याच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकला होता, आणि २.३ नव्या संगणकावर चालवून पाहिलं तर पडदा काळा तो काळाच राहिला. म्हणजे मागे जायची वाट बंद. मी दोन दिवस खपून प्रिंटरच्या खोबणीतून एक केबल बनवली, तिच्यासाठी लागणारा प्रोग्राम तिथेच बसून लिहिला, आणि यंत्र चालू केलं. पहिल्या चादरीचं डिझाइन येमूलमामांनी काढलं. मुंबईच्या एका हॉटेलला दोनशे खोल्यांसाठी चादरी हव्या होत्या, आणि नमुना सोमवारी पाठवायचा होता. त्या दिवशी शुक्रवार होता.

शिवाय गावातले सहा कारखानदार वाट बघत होते. 'गुंडेटींकडं चालू दे, मग आम्ही घेतो,' असं प्रत्येकाने आमच्या साने सरांना सांगितलं होतं. सर मला निघताना म्हणाले होते, "ऋजुता, हे एक जमलं की गाव आपलं." माझी नोकरी पक्की होणार की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"केबल उलटी जोडली असेल," मालक म्हणाले. "तिसऱ्या नंबरची तार आठव्याला लागली असेल, आठव्याची तिसऱ्याला."

या कारखान्यात रंगाला कुणी नावाने हाक मारत नसे. तीन नंबर म्हणजे लाल, आठ नंबर म्हणजे हिरवा. सुताच्या फळ्यांवर आकडे रंगवलेले होते, सूत गुंडाळलेल्या कांड्यांच्या टोपल्यांवर आकडे होते, चादरीच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला मुख्य रंगाचा आकडा विणलेला असायचा. पहिल्या दिवशी मला याचं हसू आलं होतं.

"केबल बरोबर आहे," मी म्हणाले. "दाखवते."

मी एक छोटं डिझाइन काढून पाच पत्ते पाडले. प्रत्येक भोक पडद्यावरच्या चौकोनाशी ताडून दाखवलं. तोवर खोलीत गर्दी झाली होती. मालक, त्यांची सून, मुकादम, ज्याने ती चादर विणली तो काशीनाथ, आणि दारात तीन-चार कामगार.

"तू विणलास ना रे हे?" मालकांनी त्याला विचारलं. "तुला दिसलं नाही का?"

"दिसलं की."

"मग?"

"मास्टरनं काढलेलं हाय, मालक. आपण कोण बोलणार?" काशीनाथ म्हणाला. "म्हणलं हॉटेलवाल्याला तसंच पाहिजे असंल."

कुणी हसलं नाही. त्या कारखान्यात हे उत्तर बरोबर होतं. येमूलमामा सव्वीस वर्षं तिथे नक्षी काढत होते, आधी कागदावर आणि मग संगणकावर. पांढरा फुल शर्ट, कानावर पेन्सिल. पेन्सिलीचं काम सात वर्षांपूर्वीच संपलं होतं, पण ती जागची हलली नव्हती. रंग बघावेत तर येमूलचे, असं गावातले दुसरे कारखानदारसुद्धा म्हणत. त्यांची चादर लांबून ओळखू यायची, संध्याकाळच्या अंधुक उजेडातही तिची नक्षी तुटत नसे. त्यांच्या पानाला विणकराने नाव ठेवावं, हे होणारच नव्हतं.

"म्हणजे सॉफ्टवेअरमधीच खोट हाय," मालक म्हणाले.

मला राग आला. तो का आला हे आज सांगता येतं. त्या सॉफ्टवेअरची पडद्यावर दिसणारी प्रत्येक रेघ माझी होती, आणि ती बरोबर आहे हे मला माहीत होतं. माझ्याजवळ पुरावा होता. ४.० मध्ये मी एक नोंदवही ठेवली होती. वापरणाऱ्याने माउस कुठून कुठे नेला, कुठे दाबला, सगळं त्यात उतरायचं आणि पडद्यावर पुन्हा चालवून दाखवता यायचं. चुका शोधायला बरं पडतं म्हणून केलेली सोय होती ती.

"थांबा," मी म्हणाले. "काल काय झालं ते इथेच बघू."

मी नोंद चालू केली. माउसला कुणी हात लावला नव्हता, तरी पडद्यावरचा बाण हलायला लागला. मुकादम जरा मागे सरकला. बाणाने वेल काढला, भराभर, कुठेही न अडखळता. मग पानांची वेळ आली. बाण वर रंगांच्या पट्टीकडे गेला, आठव्या घरावर थांबला, तिथून निघाला. हिरव्यावर गेला. लालवर गेला. पुन्हा हिरव्यावर. पुन्हा लालवर. तिथे तो बराच वेळ नुसता थांबून राहिला. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण खोलीतल्या सगळ्यांना तो वेळ जाणवला. मग बाणाने लाल उचलला आणि एकेक पान भरत गेला.

"हे बघा," मी म्हणाले. "लाल इथेच निवडला गेलाय. सॉफ्टवेअरने काही बदललेलं नाही."

मी मामांकडे वळून हे म्हटलं नाही. मालकांकडे बघून म्हटलं. एवढीच काय ती सभ्यता.

"बरोबर हाय मॅडमचं," येमूलमामा म्हणाले. "चूक माझीच."

वयाचा, चष्म्याचा, माउसचा, कशाचाही आधार त्यांनी घेतला नाही. मला ते जरा विचित्र वाटलं. गिऱ्हाईक इतक्या सहजासहजी चूक कबूल करत नाही, हा माझा सहा महिन्यांचा अनुभव होता.

मालकांनी चादरीची घडी घातली. ते वाईट माणूस नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, "येमूल, तुम्ही आता ह्या उंदराच्या नादी लागू नका. सूनबाई कॉम्प्युटर शिकलीय, ती बसंल. तुम्ही सोमवारपासनं गोदामात बसा. रंगाऱ्याकडनं सूत येतंय ते तपासून घ्यायचं. कमी-जास्त रंगाचं सूत आत येवलालंय, कुणाचं लक्ष नाही. रंगाची नजर तुमच्यासारखी कुणाला हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही तो निवाडा चांगला वाटला. म्हाताऱ्या माणसाचा मान राहिला आणि माझं सॉफ्टवेअर निर्दोष सुटलं.

"बरं, मालक," मामा म्हणाले.

माझी बस संध्याकाळी सहाची होती. चारच्या सुमाराला मी माझी पिशवी आवरत होते तेव्हा मामा दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, घरी चला. चहा घेऊन जावा."

"कशाला मामा, उगाच."

"सोलापूरला येऊन चादर न घेता जाता व्हय? आमच्यात तसं सोडत नाहीत. घर वाटेतच हाय."

सकाळी ज्या माणसाला मी आठ जणांत खोटं पाडलं, त्याच्या घरी चहा प्यायला जाणं मला अवघड वाटत होतं. नाही म्हणणं त्याहून अवघड होतं. त्यांचं घर गावाच्या पूर्व भागात होतं. दोन खोल्या, दाराशी तुळस, शेजारच्या घरातून मागांचा खडखडाट. मामी आत चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच "या, बसा" म्हटलं आणि मग तेलुगूत मामांना काहीतरी विचारलं.

"कुठल्या रंगाची देऊ?" मामांनी कपाट उघडत मला विचारलं.

"हिरवी," मी म्हणाले. मला हिरवा रंग आवडतो. एवढंच कारण होतं.

कपाटात प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केलेल्या चादरींच्या दोन थप्प्या होत्या. त्यांनी डाव्या थप्पीतली वरची चादर काढली, शर्टाच्या बाहीने पिशवीवरची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घ्या. आठ नंबर. माझा आवडता."

चादर लाल होती. कुंकवासारखी लाल.

मला पहिल्यांदा वाटलं, टोमणा आहे. सकाळचं उट्टं काढतायत. मी हसून त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, भेट दिलेल्या माणसाने बघावं तसं, आवडली का म्हणून. त्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तेव्हा मला सकाळचा बाण आठवला. हिरव्यावरून लालवर, लालवरून हिरव्यावर, आणि मग तो लांबलेला थांबा. मी त्याला नवशिकेपणा समजले होते.

दुसरंही आठवलं. पहिल्याच दिवशी शिकवताना त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, जुन्यात एफ नाईन दाबलं की प्रत्येक चौकोनात आकडा दिसायचा. ह्यात कुठलं बटन?" मी म्हणाले होते, "ते काढून टाकलं, मामा. आता खरे रंग दिसतात की. आकडे कशाला?" ते "हां हां" म्हणाले होते आणि मग पट्टीतली घरं बोटाने मोजायला लागले होते. तिसरं, आठवं. आणि माझी पट्टी दर वेळी शेवटचा रंग पुढे आणून त्यांची मोजणी मोडत होती.

मामी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. माझ्या हातातली चादर बघून जागच्या जागी थांबल्या. कपातला चहा बशीत सांडला. त्या मामांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नको, एवढंच.

"छान आहे," मी मामांना म्हणाले. "मला असाच हिरवा हवा होता."

मला रिक्षापर्यंत पोचवायला मामी एकट्या आल्या. कोपरा ओलांडल्यावर त्यांनी एकदा मागे बघितलं.

"हिरव्या मी डावीकडं ठेवते," मग म्हणाल्या. "काल भाची आलीय, तिनं कपाट आवरलं."

"कधीपासून?"

"जन्मापासनं. मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. मी लग्नात हिरवी साडी नेसले होते. हे म्हणायचे, तू त्या दिवशी मातीच्या रंगाची नेसली होतीस, पण चांगली दिसत होतीस." त्या किंचित हसल्या. "लाल काय, हिरवा काय, त्यांना दोन्ही मातीच. पण उजळ कुठला आणि गडद कुठला, ते आपल्याला दिसत नाही तेवढं त्यांना दिसतंय. त्याच्यावर आणि आकड्यांवर सव्वीस वर्षं काढली."

"मालकांना माहीत नाही?"

"कुणालाच नाही. मी म्हणते, सांगून टाका. ते म्हणतात, आंधळ्यानं काढल्या म्हणतील चादरी. सगळं केलेलं खोटं ठरंल." त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "आता गोदामात घातलंय. फळीवरच्या सुताला आकडा असतोय, बाई. रंगाऱ्याकडनं येतंय त्याला नसतोय. आकडा तपासणाऱ्यानंच द्यायचा असतोय."

मला हे सकाळी कळायला हवं होतं. मालकांनी मान ठेवून त्यांना जिथे बसवलं होतं, तिथे ते सोमवारी दुपारपर्यंतसुद्धा टिकले नसते.

"तुम्ही बघितलं हे त्यांना कळू देऊ नका," मामी म्हणाल्या आणि परत फिरल्या.

मी स्टँडवर गेले. पुण्याची बस लागली होती. माझी जागा खिडकीजवळची होती. कंडक्टरने दोनदा विचारलं, बसताय का? मी नाही म्हणाले. पिशवी मांडीवर आणि तिच्यावर ती चादर घेऊन मी बाकड्यावर बसून राहिले. दया आली म्हणून मी थांबले असं म्हणणं सोयीचं आहे, पण ते खरं नाही. मला लाज वाटत होती. मी सिद्ध करून दाखवलेली गोष्ट चुकीची होती, आणि तिच्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. हे मला सहन होत नव्हतं.

शनिवारी सकाळी कारखान्याच्या ऑफिसात मालक एकटेच होते.

"गेला नाही तुम्ही?"

"काल मी अर्धंच दाखवलं," मी म्हणाले. "चूक येमूलमामांची नाही. आमच्या आवृत्तीत दोष आहे."

मालकांनी पेन खाली ठेवलं. "काल तर म्हणलाव, सॉफ्टवेअर बरोबर हाय."

"जुन्या आवृत्तीत रंगाचा आकडा दिसायचा. तो मी काढून टाकला. तुमचा सगळा कारखाना आकड्यांवर चालतो आणि पडद्यावर आकडा नाही. माणूस चुकणारच."

"पण रंग तर दिसतात की स्क्रीनवर."

"मॉनिटरवरचा रंग आणि सुताचा रंग एक नसतो, मालक. आकडा नसेल तर कुणीही चुकेल."

"सूनबाईपण?"

"सूनबाईपण."

यातलं किती खरं होतं ते मला माहीत होतं. मॉनिटरवरचा लाल सुताच्या लालाशी जुळत नाही हे खरं. सूनबाईही चुकल्या असत्या, हे खरं नव्हतं.

मालकांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे काल आठ माणसांत माझ्या मास्टरला तुम्ही उगाच खाली बघायला लावलं."

"हो."

"लिहून देता का?"

"देते. फक्त मामांना परत त्यांच्या खुर्चीवर बसवा. नवीन करून दिलेलं तेच तपासतील. दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

मी कंपनीच्या कागदावर लिहून दिलं. 'वीण ४.० मध्ये रंगांचे क्रमांक दिसत नसल्यामुळे निवड चुकू शकते. हा आवृत्तीचा दोष आहे, वापरणाऱ्याचा नाही.' खाली सही केली, तारीख घातली. मग तिथूनच साने सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आकडे घाल हवे तर. पण दोष म्हणू नकोस. सुधारणा म्हण."

"लिहून दिलंय, सर."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

केबलसाठी म्हणून मूळ प्रोग्रामची सीडी मी बरोबर आणली होती, ते बरं झालं. काम मोठं नव्हतं. जे काढायला मला ऑफिसात एक दुपार लागली होती, ते परत घालायला दीड दिवस लागला. पट्टीतले रंग जागचे हलणार नाहीत असंही केलं. माझी ती कौतुकाची कल्पना मी स्वतःच्या हाताने पुसली. रविवारी दुपारी मामांना बोलावणं गेलं.

ते खुर्चीवर बसले, पण माउसला हात लावला नाही.

"एफ नाईन दाबा, मामा," मी म्हणाले.

त्यांनी दाबलं. पडद्यावरचा वेल आकड्यांनी भरून गेला. पानांत सगळीकडे तीन, फुलांत आठ. ते पडद्याजवळ वाकले आणि एक बोट काचेवरून हळूहळू फिरवत गेले. मग माउस हातात घेतला. सगळी पानं आणि सगळी फुलं बदलायला त्यांना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाण कुठेही थांबला नाही.

"कशाला काढलं होतं?" त्यांनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"मला वाटलं, रंग तर दिसतात. मग आकडे कशाला?"

"हां," मामा म्हणाले. "सगळ्यांना तसंच वाटतंय."

नमुना सोमवारी मुंबईला गेला. हॉटेलची ऑर्डर आली असं मी नंतर ऐकलं. माझं पत्र मालकांनी जपून ठेवलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, मुलगी खरं बोलली हेच ते सांगत होते. सहापैकी चार कारखानदारांनी ४.० घेतलं नाही. माझी नोकरी पक्की झाली नाही. साने सरांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. चार महिन्यांनी '४.१' आलं तेव्हा जाहिरातीत पहिली ओळ होती, 'आता रंगांच्या क्रमांकांसह.' खाली माझं नाव अर्थातच नव्हतं.

मी पुढे इस्पितळांची सॉफ्टवेअरं केली, मग बँकांची. पडदा कसा असावा यावर लोकांना शिकवलंसुद्धा. येमूलमामांचं नाव मी कुठल्याही वर्गात घेतलं नाही. ते सहा वर्षांनी त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले, एवढं मला मालकांच्या सुनेकडून कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"टिपणीस मॅडम का? मी येमूल. सोलापूर."

आवाज पातळ झाला होता, पण ओळखता आला. नातीने इंटरनेटवर शोधून नंबर काढून दिला म्हणाले. तब्येतीचं बोललो, कारखाना बंद झाल्याचं बोललो. मी मामींचं विचारलं.

"सुगुणा गेली. मागच्या श्रावणात."

मी म्हणाले, "मला रिक्षापर्यंत पोचवायला आल्या होत्या त्या."

"हां. एक विचारायचं होतं, मॅडम. ती हिरवी चादर हाय का अजून?"

"आहे."

"आत्ता जवळ हाय?"

"आहे, मामा. रोजच्या वापरात आहे." ती पलंगाच्या पायथ्याशीच होती.

"मग जरा कोपरा उलटा करा. आतल्या बाजूनं आकडा विणलेला असंल. तेवढा वाचा की." ते थांबले. "त्याचं काय हाय, भांडण झालं की सुगुणा म्हणायची, पुण्याच्या मॅडमला तुम्ही लाल दिलाव आणि ती बिचारी काही बोलली नाही. मी म्हणायचो, शक्यच नाही. ती गेली, आता भांडायलाही कुणी नाही. म्हणलं, एकदा विचारून टाकावं."

मी फोन खांद्याशी धरून चादरीचा कोपरा उलटा केला. धुऊन धुऊन लाल फिका झाला होता, आकडा मात्र स्वच्छ होता. पांढऱ्या सुतात विणलेला तीन. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाला चुकीचा आकडा वाचून दाखवलेला नव्हता.

"आठ," मी म्हणाले.

"मग बरोबर," मामा म्हणाले. "मी तिला म्हणतच होतो."

फोन ठेवल्यावर मी चादर पुन्हा घडी घातली, आकडा आतल्या बाजूला राहील अशी.